स्टेशनात का गावात?

आत्यानं खळ्यातूनच विचारलं, "कुठं निघालास?"

"तळेगावात."

"स्टेशनात का गावात?"

मावळातल्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. तळेगाव म्हटलं की तो येतोच. रिक्षावाला विचारतो, लग्नपत्रिकेवर पत्ता लिहिणारा विचारतो, मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा विचारतात. एकाच गावाचे हे दोन भाग. मध्ये दोन-अडीच किलोमीटरचं अंतर होतं, आता तिथं इमारती उभ्या राहिल्या. अंतर भरून गेलं तरी प्रश्न तसाच आहे.

आत्याचं घर कान्ह्यात. पुण्याहून लोणावळ्याला निघालेली लोकल तळेगाव सोडते, वडगावला थांबते, मग कान्हे, मग कामशेत. दिवाळीच्या दिवसांत इथं उतरलं की आधी नाकात शिरतो तो कापलेल्या भाताचा वास. खाचरांत पेंढ्या आडव्या पसरलेल्या असतात, पाऊस लांबला असेल तर बांधावर माणसं आभाळाकडे बघत उभी असतात. या वर्षी आत्याच्या खळ्यात अर्धं भात झोडून झालं होतं, अर्ध्याचा उडवा रचलेला होता. एक बाई पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर नेई, बाकड्यावर तीनदा आपटी, चौथ्यांदा नुसती झटकी आणि मागं टाके. दाण्यांचा तो सर्रर आवाज आणि मागून धडधडत जाणारी गाडी हे दोन्ही मिळून कान्ह्याची दिवाळी होते.

मी निघालो होतो तळेगाव नव्यानं बघायला. निमित्त जरा विचित्र होतं. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. मागं एकदा तिथल्या पुलावर उभं राहून माशांना बघताना कुतूहल वाटलं, हे ओकायामा आहे तरी काय? घरी येऊन वाचत बसलो. हे उद्यान ज्याच्या धर्तीवर केलं, ते कोराकुएन तिथल्या ईकेदा त्सुनामासा नावाच्या सरदारानं १६८७ साली करायला घेतलं आणि १७०० साली पुरं केलं. उद्यानासमोर नदी आणि नदीपलीकडं त्याचा काळा किल्ला. किल्ल्याला लोक कावळ्याचा किल्ला म्हणतात. त्या किल्ल्याच्या पायथ्याशी वसवलेलं गाव आज सात लाखांच्या आसपास वस्तीचं शहर आहे.

अशा गावांना जपानी भाषेत शब्द आहे, जोकामाची. जो म्हणजे किल्ला, का म्हणजे खाली आणि माची म्हणजे वस्ती. हे वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. गडाच्या बालेकिल्ल्याखालचा सपाट भाग आणि त्यावरची वस्ती, त्याला आपणही माचीच म्हणतो की! योगायोग आहे, दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण लोणावळ्याच्या पल्याड राजमाची आहे, तिच्या माचीवर उधेवाडी आहे आणि 'माचीवरला बुधा' लिहिणारे गोनीदा तळेगावात राहत होते. एवढं जुळून आल्यावर हा विषय डोक्यातून जाईना. आपल्या मावळात जोकामाची कुठली? उत्तर दोन स्टेशनांवर होतं.

तळेगावचं पूर्ण नाव तळेगाव दाभाडे. तळ्यावरून तळेगाव, आणि शिरूरकडच्या तळेगाव ढमढेऱ्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून दाभाडे. (तरी होतोच. कुरिअरवाल्यांना विचारा.) दाभाडे इथले पाटील. येसाजी दाभाडे राजाराम महाराजांबरोबर जिंजीच्या धावपळीत होते. त्यांचे चिरंजीव खंडेराव यांना शाहू महाराजांनी १७१७ साली सेनापती केलं. खंडेरावांचं लक्ष गुजरातेवर. तिकडची चौथाई वसूल करायची, तिकडंच घोडदौड करायची आणि पावसाळ्याला तळेगावात परतायचं. तळेगाव-चाकण रस्त्यानं गेलं तर इंद्रायणीच्या काठाला इंदुरीचा भुईकोट लागतो. तोही दाभाड्यांचाच. दरवाजा अजून भक्कम आहे, आत कडजाईचं देऊळ आहे, आणि तटाबाहेरून चाकणच्या कारखान्यांकडं जाणारे कंटेनर रात्रंदिवस घरघरत असतात. चाकणलाही भुईकोट आहे, १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाईस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवलेला. म्हणजे या एका रस्त्याच्या दोन टोकांना दोन भुईकोट आणि मधे, भोवती, पुढं-मागं नुसती मोटारींची कारखानदारी.

पण तळेगाव आणि ओकायामा यांच्यात एक फरक आहे, आणि मला वाटतं पुढचं सगळं त्यातच आलं. जपानात १६१५ साली सत्ताधारी तोकुगावांनी हुकूम काढला की एका सरदाराच्या मुलखात एकच किल्ला राहील, बाकीचे पाडा. शिपाईगड्यांना गावच्या जमिनीवरून उचलून किल्ल्याखाली आणलं होतंच, ते आता कायमचे तिथलेच झाले. हातात तलवार, पण लढाई नाही आणि शेतीही नाही. पगार भातात. सरदाराची पत भातातच मोजायची. कोकू हे माप, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढ्या तांदळाचं. ओकायामाचे ईकेदा ३ लाख १५ हजार कोकूंचे धनी. आता इतकी माणसं बारा महिने एका जागी बसून भात विकून खाणार म्हटल्यावर सुतार, रंगारी, लोहार, सावकार, दारू गाळणारे, सगळे भोवती जमलेच. किल्ल्याच्या आधीच्या मालकांनी, उकितांनी, तर गावात गिऱ्हाईक यावं म्हणून पश्चिमेकडं जाणारा हमरस्ताच वळवून गावातून नेला आणि नदी वाकवून तिचा खंदक केला.

आपल्याकडं उलट. दसऱ्याला शिलंगण झालं की फौज मुलूखगिरीला बाहेर पडणार, ती थेट वैशाखात परतणार. म्हणजे खंडेरावांचं तळेगाव हे पावसाळी गाव. चार महिने घोडे, पागा, मुदपाकखाना, देणी-घेणी, लग्नं. उरलेले आठ महिने बायका, म्हातारे, कारकून आणि भात. बाजार वाढतो तो बारमाही गिऱ्हाइकावर. आठ महिने फौज जिथं असे, तिथं म्हणजे गुजरातेत, दाभाड्यांच्याच हाताखालचे गायकवाड होते. दावडी गावचे. आधी दमाजी, मग पिलाजी, मग दुसरे दमाजी. बडोदं त्यांनी धरलं आणि सोडलं नाही. पुढच्या दीडशे वर्षांत त्या बडोद्याचं काय झालं, तिथं सयाजीरावांनी काय काय केलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मला एवढंच म्हणायचं आहे की तळेगावच्या गादीचं शहर झालं, फक्त ते तळेगावात झालं नाही.

खंडेरावांच्या पत्नी उमाबाईंबद्दल मात्र घाईनं पुढं जाता येणार नाही. खंडेराव १७२९ साली गेले. चिरंजीव त्र्यंबकराव सेनापती झाले आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईला पहिल्या बाजीरावांशी झालेल्या लढाईत पडले. मराठ्यांचा सेनापती मराठ्यांच्याच पेशव्याशी लढताना पडला. तळेगावात अजून सांगतात की शाहू महाराज स्वतः बाजीरावांना घेऊन इथं आले, उमाबाईंच्या हातात तलवार दिली आणि म्हणाले, हा तुमचा गुन्हेगार. आणि बाईंनी तलवार खाली ठेवली. असं घडलं की नाही, इतिहासकारांनी बघावं. पण धाकटा मुलगा लहान असताना सेनापतिपदाचा कारभार याच बाईंनी ओढला, हे खरं. माहेर नाशिककडचं अभोणं, ठोक्यांचं घराणं. सप्तशृंगीच्या गडाला पायऱ्या त्यांनीच बांधवल्या. वणीला जाणाऱ्या हजारोंना त्या पायऱ्या तळेगावच्या बाईनं केल्यात हे ठाऊकही नसतं.

गुजरातचं निम्मं उत्पन्न पेशव्यांना द्यायचं की नाही, यावर वीस वर्षं घोळ चालला. उमाबाई १७५० साली आळंदीला नानासाहेब पेशव्यांना भेटल्या, ठाम नाही म्हणाल्या. मग दाभाड्यांनी पेशव्यांविरुद्ध ताराबाईंचा पक्ष धरला, दमाजीनं चाल केली, पराभव झाला, आणि १७५१ साली दाभाड्यांच्या घरची माणसं लोहगडावर कैदेत. लोहगड! आत्याच्या खळ्यातून पावसाळा सरल्यावर हवा स्वच्छ असली की लोहगड-विसापूरची रांग दिसते. ज्या मुलखाचे आपण सेनापती, त्याच मुलखाकडं गडावरून बघत बसायचं. १७५३ साली उमाबाई पुण्यात वारल्या. दमाजीनं पेशव्यांशी परस्पर तडजोड केली, दाभाड्यांचा हात सोडला आणि मोठा झाला.

त्या दिवशी मी आधी गावात गेलो, स्टेशनात नाही. तळ्याकाठी बनेश्वराचं देऊळ आहे, तिथं दाभाड्यांच्या समाध्या आहेत. दुपारी कुणी नव्हतं. समाधीच्या चौथऱ्यावर एक मुलगा पुस्तक पालथं घालून मोबाईल बघत होता. पोलीस भरतीचा अभ्यास, म्हणाला. चौथऱ्याच्या दगडावर बोट फिरवलं तर सांधा लागत नाही इतकं नेमकं काम. फक्त एका कोपऱ्यात पिंपळाचं रोप चिऱ्यात घुसलं होतं आणि चिरा नखभर सरकला होता.

त्या तळ्याचीही एक गोष्ट आहे, आणि मला ती समाध्यांपेक्षा जास्त आवडते. जानेवारी १७७९. मुंबईकर इंग्रज रघुनाथरावांना गादीवर बसवायला निघालेले. चारेक हजार सैन्य आणि सामान ओढायला एकोणीस हजारांच्या घरात बैल. घाट चढून ही वरात दिवसाला मैल-दोन मैल सरकत होती. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट पडला, तोच आपला इष्टुर फाकडा. शत्रूला फाकडा म्हणणारी आपली माणसं, आणि वडगावात त्याचं थडगं अजून आहे. तिथून ही पलटण आत्याच्या कान्ह्याला वळसा घालून नाहीतर कान्ह्यातूनच पुढं गेली असणार, दुसरी वाट नाही. ९ तारखेला तळेगावात पोचले तर तळेगाव जळत होतं. मराठ्यांनीच जाळलं होतं. दाणा नाही, वैरण नाही, आणि पुढं चिंचवड आणि पुणंही असंच जाळायची तयारी आहे अशी बातमी. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामान पेटवलं आणि गुपचूप मागं फिरले. वडगावला महादजी शिंद्यांनी घेरलं, तह झाला. तहाची गोष्ट शाळेत शिकवतात. ज्यांची घरं आपल्याच लोकांनी जाळली, त्या तळेगावकरांनी त्या थंडीत काय केलं, ते मात्र कुठं शिकवत नाहीत. कान्ह्या-कामशेताकडच्या पाहुण्यांकडं गेले असतील, दुसरं काय.

ओकायामाचा काळा किल्लाही जळाला, २९ जून १९४५ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात. १९६६ साली त्यांनी तो सिमेंट-काँक्रीटचा पुन्हा उभारला, बाहेरून हुबेहूब. पण शहर त्याआधीच किल्ल्यावाचून चालायला शिकलं होतं. १८७१ साली सरदारांची संस्थानं खालसा झाली होती, खंदक हळूहळू बुजवले गेले होते. सरदार गेला तरी सुतार, रंगारी, सावकार जागच्या जागी होते, त्यांनी गाव चालवलं.

तळेगावचं चाक पुन्हा फिरवलं ते आगगाडीनं. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. घाटातला टप्पा व्हायला आणखी पाच वर्षं लागायची होती. इंग्रजानं रूळ टाकताना सेनापतींचा वाडा कुठं आहे ते बघितलं नाही, चढ-उतार बघितला. स्टेशन गावापासून लांब पडलं, आणि 'स्टेशनात का गावात' हा प्रश्न जन्माला आला. १८६६ साली गावाला नगरपालिका मिळाली, स्टेशनाकडं मात्र हवा खायला येणाऱ्यांचे बंगले झाले. गावात गल्ली आणि आळी, स्टेशनात कंपाउंड आणि फाटक.

आणि मग, या लेखासाठी जी गोष्ट शोधत होतो म्हणावं ती आपणहून समोर आली. जपानच तळेगावात येऊन गेलाय.

१९०५ साली जपाननं रशियाला हरवलं आणि हिंदुस्थानातल्या तरुणांच्या अंगात वारं शिरलं. त्याच्या आधीपासून अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ गावोगाव फिरून दर माणशी वर्षाला एक पैसा मागत होते. एक पैसा, जास्त नको. त्या पैशांतून स्वदेशी उद्योग काढायचा. लोकमान्यांचा पाठिंबा होता. पैसा फंड हे नाव त्याचंच. त्या फंडाचा काच कारखाना १९०८ साली तळेगावात निघाला आणि तो उभा करायला बोलावले ते ईश्वरदास वार्ष्णेय, जपानात काचेची विद्या शिकून आलेले. स्टेशन जवळ, म्हणजे वाळू, सोडा, कोळसा यायला सोय आणि माल जायलाही.

काच फुंकणं जवळून बघितलं नसेल त्यांना सांगतो. भट्टीत मुशी असतात, मातीच्या, आणि त्यांत वाळू-सोडा-चुन्याचा रस मधासारखा होऊन असतो. कारागीर लांब पोकळ नळीचं टोक त्यात बुडवतो, फिरवतो, लिंबाएवढा लालभडक गोळा उचलतो. मग फुंकर. गाल फुगवून नव्हे, पोटातून, आणि नळी फिरवत. फिरवायची थांबली की काच एका बाजूला ओघळते. दिव्याची चिमणी अशी होते. झाल्यावर लगेच गार होऊ द्यायची नाही, मंद भट्टीत हळूहळू निवू द्यायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकते. तळेगावात ही विद्या शिकलेली पोरं देशभर काचकारखान्यांत गेली. त्याच सुमाराला इथं विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं. सरकारला ते शिक्षण नको तितकं राष्ट्रीय वाटलं आणि १९१० साली शाळा बंद पाडली. कारखाना मात्र चालू राहिला. काचेत राजद्रोह सापडणं अवघड असावं.

माझ्या मते तळेगाव शहर व्हायला लागलं ते इथून. खंडेरावांच्या पागेपेक्षा काळ्यांच्या पैशानं गावात बारमाही हातांना बारमाही काम दिलं.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला. पुणे-लोणावळा लोकल, द्रुतगती मार्ग, मग एमआयडीसी. २००८ साली जनरल मोटर्सचा कारखाना निघाला, जेसीबी आली. २०११ च्या जनगणनेत तळेगावची वस्ती ५६ हजारांच्या वर गेली होती. डिसेंबर २०२० मध्ये जनरल मोटर्सनं इथलं उत्पादन थांबवलं. २०२३ साली तो कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईनं केला. मधे सेमीकंडक्टरचा मोठा प्रकल्प तळेगावात येणार येणार म्हणत २०२२ साली गुजरातला गेला. तेव्हा वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ झाला! मला मात्र खंडेरावांची आठवण झाली. तळेगावचं गुजरातला जाणं काही नवं नाही.

गंमत अशी की 'तळेगाव एमआयडीसी' तळेगावात नाही. वडगावच्या बाजूनं इंद्रायणी ओलांडली की आंबी, नवलाख उंबरे, बधलवाडी, मंगरूळ. तिथं ती आहे. नवलाख उंबरे! कुणी म्हणतं नऊ लाख उंबरे म्हणजे तेवढी घरं होती, कुणी म्हणतं उंबराची झाडं. आता तिथं प्लॉट क्रमांक आहेत. जपानी सरदार कुणाला किती जागा ते हुद्द्यावरून ठरवी. इथं कलम ३२ ची नोटीस येते, सातबाऱ्यावर शिक्का पडतो आणि खाचराला आकडा मिळतो. नाव तळेगावचं, जमीन उंबऱ्याची. पाण्याचंही तेच. पवनेचं पाणी बंद नळानं पिंपरी-चिंचवडला न्यायला मावळानं विरोध केला, ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. उकितांनी नदी वाकवली तेव्हा कुणी आडवं आलं होतं का, मला वाचायला मिळालं नाही.

संध्याकाळच्या लोकलनं परतलो. डब्यात दुसऱ्या पाळीला निघालेली पोरं, गळ्यात ओळखपत्रं, पायांत जाड बूट. कान्ह्याला उतरलो तर फाट्याजवळ एक नवा फ्लेक्स: 'तळेगाव स्टेशनपासून अवघ्या १० मिनिटांवर, एनए प्लॉट, सुलभ हप्ते.' चित्रात हिरवळ, कारंजं आणि लांब कुठंतरी दोन बुरूज. कुठला किल्ला म्हणून जवळ जाऊन बघितलं. मावळातला नव्हता, कुठलाच नव्हता. फ्लेक्सच्या खांबाला टेकून भाताचे चार भारे उभे करून ठेवले होते.

आत्या सूप घेऊन बसली होती. "झालं का बघून?"

म्हटलं, "झालं. आधी गावात गेलो, मग स्टेशनात."

तिला काच कारखान्याचं सांगितलं, जपानचं सांगितलं, भातावर मोजल्या जाणाऱ्या सरदाराचंही सांगितलं. हे शेवटचं तिला पटलं. "मग आपलं किती भरंल रं?" तिनं विचारलं. आम्ही हिशोब केला. वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेलं इंद्रायणी बियाणं, दीड एकर, यंदाचा अवकाळी पाऊस धरून, मजुरी वजा न करता. सडून तांदूळ होईल तो धरला तर पाच-सहा कोकू निघाले.

"म्हंजे पाच-सहा मानसं," आत्या म्हणाली आणि सूप पाखडायला घेतलं. "घरात आठ हाईत."

मागून लोणावळ्याची गाडी गेली. तूस उडून माझ्या शर्टावर बसलं. आत्यानं पाच किलो तांदळाचं बोचकं आधीच बांधून ठेवलं होतं, ते पिशवीत भरताना तिनं बजावलं, "तळेगावात उतरायचं आसंल तर स्टेशनाच्या बाजूलाच उतर. गावाकडची रिक्षा आता मिळायची नाही."